घोडागाडी, नियम आणि घोड्याचे उरलेले पंधरा तास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला नको. मे महिन्यात आई-वडील, तुम्ही दोघं आणि नऊ व चार वर्षांच्या दोन मुली असे पाचगणीला निघालाय. आईंचे गुडघे दुखतात, टेबललँड पायी फिरणं त्यांना जमणार नाही, म्हणून घोडागाडी करायचा विचार आहे. थोरली म्हणते हा छळ आहे, मुंबईत तर कोर्टानेच बंद केलं. आणि मागच्या खेपेला गाडीवाला म्हणाला होता, "साहेब, आमचं सगळं नियमात असतं." तर नियम काय आहेत, ते पाळले की घोडा सुखात असतो का, आणि बसावं की नाही?

मी पशुवैद्यक आहे. माझ्याकडे येणारे घोडे शर्यतीचे नाहीत. टांग्याचे, वरातीचे आणि थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणारे आहेत. त्यांच्या मालकांशी माझी रोजची उठबस आहे, त्यामुळे माझं मत थोडं त्यांच्या बाजूला झुकलेलं वाटलं तर ते धरून चाला. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. गाडीवाला खोटं बोलत नसेलही. आपले नियम असे आहेत की ते बहुतेक पाळूनही घोड्याचे हाल होऊ शकतात.

नियम केंद्राचे आहेत. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी ते केले गेले. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती हवीच. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून जास्तीत जास्त चार माणसं. काटेरी लगाम, खिळे किंवा टोकं असलेला साज, टोचणी हे सगळं मना. खोगीर असं हवं की मानेच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो त्यावर ते थेट टेकणार नाही, मध्ये फट राहिली पाहिजे. गाडीत किती वजन घालायचं याचे आकडे आहेत, आणि किलोमीटरभर सलग कडक चढ असेल तर ते वजन निम्म्यावर आणायचं.

आता तुमच्याच कुटुंबाचा हिशोब करा. धाकटी मोजायची नाही, तरी उरले पाच. म्हणजे एका गाडीत सगळे बसलात की पहिला नियम तुम्हीच मोडलात. गाडीवाला नाही म्हणणार नाही, कारण रांगेतला मागचा गाडीवाला म्हणतो "बसा बसा" आणि गिऱ्हाईक तिकडे जातं.

बरं, नियम मोडला तर काय होतं? त्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपयांना किंमत होती. आज टेबललँडवरची एक फेरीसुद्धा त्यात होत नाही.

उन्हाच्या नियमावर जरा थांबतो, कारण तो वाचायला सगळ्यात चांगला वाटतो आणि आपल्याकडे सगळ्यात निकामी आहे. नागपूरला मे महिन्यात तो लागू पडतो. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी पारा साधारण ३३-३४ वर असतो, पाचगणीत त्याहून खाली. म्हणजे ऐन हंगामात, भर दुपारी, या दोन्ही ठिकाणी हा नियम जागाच होत नाही. पण घोडा थंड होतो तो घामाने, आणि घाम सुकला तरच. दमट हवेत घाम अंगावरून नुसता ओघळतो, शरीर तापलेलंच राहतं. परदेशात घोडेवाले एक ढोबळ हिशोब करतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज. दीडशेच्या वर गेली की जपून, एकशे ऐंशीच्या वर गेली की काम बंद. मुंबईतली ३३ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची दुपार १६१ वर जाते, आणि आपल्या नियमाच्या दृष्टीने ती आल्हाददायक दुपार असते. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये नुसत्या तापमानाऐवजी आर्द्रता धरून मोजलेला उष्णतेचा निर्देशांक लावला. व्हिएन्नात ३५ अंशांना फियाकर, म्हणजे तिथल्या घोडागाड्या, थांबतात. आकडा कोणता असावा यावर वाद घाला, पण तो त्या गावच्या हवेसाठी काढलेला असला पाहिजे.

आणि खरं सांगायचं तर मी हवामानाच्या आकड्यापेक्षा घोड्याचा आकडा मानतो. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ च्या आसपास असतं, स्वस्थ उभा असताना श्वास मिनिटाला ८ ते १६. फेरी मारून आला की दोन्ही वाढणारच. सावलीत उभं करून पाणी दाखवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत श्वास खाली यायला लागला तर घोडा ठीक आहे. अर्ध्या तासानंतरही नाकपुड्या फुललेल्या आणि बरगड्या भात्यासारख्या हलत असतील तर त्या दिवशी त्याचं काम संपलं, पारा काहीही सांगो. थर्मामीटर दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. एकाही स्टँडवर मी तो पाहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. नियमात नऊ तास आहेत. उरलेल्या पंधरा तासांबद्दल त्यात जवळजवळ काही नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक दुखणी मात्र त्या पंधरा तासांत तयार झालेली असतात.

पाय घ्या. घोडा पाय उचलून दाखवतो तेव्हा मी खुराच्या तळव्यात मध्ये जो मऊ त्रिकोणी भाग असतो तो अंगठ्याने दाबतो. कोरडा आणि रबरासारखा लागला तर पागा बरी आहे. काळपट, भुसभुशीत, कुजका वास आला तर हा घोडा रात्रभर मूत आणि शेणात उभा राहतो, मालक काहीही म्हणो. मग नाल बघतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापून पुन्हा ठोकायला हवी. पण नालबंद आता गावोगाव उरलेले नाहीत, आला तर चार घोडे एकदम करतो आणि पैसे रोख घेतो. म्हणून नाल गळून पडेपर्यंत थांबायची पद्धत पडली आहे. तोवर खुराचं पुढचं टोक लांब वाढतं, टाच खाली दबते, आणि महिन्या-दोन महिन्यांत पायातल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) दुखावतात. डांबर, काँक्रीट आणि हल्ली सगळीकडे बसवलेले पेव्हर ब्लॉक यांवर झिजलेली गुळगुळीत नाल म्हणजे घसरणं ठरलेलं. माथेरानला लाल मातीच्या रस्त्याऐवजी ब्लॉक बसवायला घोडेवाल्यांनी विरोध केला तेव्हा लोकांना ते विकासाच्या आड येणं वाटलं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

झोप घ्या. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसातून थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. अगाडी-पिछाडी आवळून बांधलेला, किंवा दोन हात रुंदीच्या जागेत दाटीने ठेवलेला घोडा आडवा होऊच शकत नाही. मग तो उभ्याउभ्या झोपेच्या तारेत पुढे कोसळतो आणि सावरतो. गुडघ्यांवर आणि खुराच्या वरच्या सांध्यावर पुढच्या बाजूने केस गेलेले, जुनाट व्रण दिसतात ते पुष्कळदा यामुळे. पर्यटक समजतो घोडा रस्त्यावर पडला असेल. कधी तसंही असतं. दोन्ही पाय सारखेच सोललेले असतील तर मी आधी पागा बघायला जातो.

खाणं-पाणी घ्या. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो, कारण त्याचं पोट लहान आहे आणि त्यात आम्ल सतत झिरपत असतं. स्टँडवरच्या घोड्याला सकाळी तोबऱ्यात हरभरा आणि कोंडा मिळतो, मग संध्याकाळपर्यंत पोट रिकामं. यातून जठरात व्रण होतात, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ हा त्याच्या बाबतीत जिवावरचाच आजार धरायचा. उपाय साधा आहे: स्टँडवर गवताची पेंढी ठेवा, फेऱ्यांच्या मध्ये त्याला तोंड चालू ठेवू द्या. पाण्याचं तर एक जुनं खूळ आहे की तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं की पोट फुगतं. तापलेल्या घोड्यालाच पाणी सगळ्यात जास्त लागतं, थोडं थोडं करून हवं तेवढं द्यावं. हे पटवायला मला अजून प्रत्येक मालकाशी नव्याने वाद घालावा लागतो.

म्हणूनच मुंबईचा निकाल मला योग्य वाटतो, आणि तोच निकाल उचलून सगळीकडे लावणं बरोबर वाटत नाही. ८ जून २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतल्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या आणि त्यांच्या पागा बंद करायला सांगितलं, मालक-चालकांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला बजावलं. केवळ माणसाच्या मौजेसाठी घोड्याला जुंपणं टाळता येण्यासारखं आहे, हे न्यायालयाचं म्हणणं गाजलं. माझ्या लेखी त्याहून वजनदार मुद्दा पागांचा होता: त्यांना पालिकेचा परवानाच नव्हता. जिथे माणसाला दहा बाय दहाची खोली मिळत नाही तिथे घोड्याला कोरडी, हवेशीर, आडवं होता येईल अशी जागा कोण देणार? मरीन ड्राइव्हवर रात्री झगमगणारी गाडी तुम्ही पाहिलीत, ती उरलेला दिवस कुठे उभी असायची ते पाहिलं नाहीत. पुढे २०२१ मध्ये तशाच दिसणाऱ्या विजेच्या गाड्या आल्या. शिकागोने २०२१ पासून, माँट्रियलने २०१९ च्या अखेरीस घोडागाड्या बंद केल्या, त्यामागेही गजबजलेल्या शहराचंच कारण आहे.

पण बंदीच्या आदेशात गाडीचं काय होणार हे असतं, घोड्याचं काय होणार हे क्वचितच असतं. माझ्या पाहण्यात, काम बंद झालेला घोडा कुरणात जात नाही. तो विकला जातो. वरातीवाल्याकडे, डोंगरावर, वीटभट्टीवर. तिथे नऊ तासांचा नियम विचारायला कोणी पर्यटकसुद्धा नसतो. म्हणून बंदी आणायची तर प्रत्येक घोड्याची नोंद, चिप आणि तो कुठे गेला याचा हिशोब आधी. न्यूयॉर्कचे नियम आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहेत, वर्षातून किमान पाच आठवडे घोड्याला कुरणावर सोडावं लागतं. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यावर रायडर नावाचा घोडा कोसळला. कागदावर त्याचं वय १३ होतं, तपासणीत ते दुपटीच्या घरात निघालं. घोड्याची ओळखच पक्की नसेल तर बाकीचे नियम कोणाला लावणार?

माथेरानचा घोडा वेगळ्या खात्यात टाकतो. तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, सामानसुमान आणि माणसं पुष्कळदा घोड्यावरच जात आली आहेत. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा आल्या, हातरिक्षा बंद करायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, ते योग्यच. घोड्याचं काम हळूहळू कमी होईल. ते कमी होताना घोड्यांची संख्याही उतरत गेली पाहिजे, नाहीतर तेवढेच घोडे निम्म्या चाऱ्यावर उभे राहतील.

चाऱ्यावरून पैशाचं सांगतो. पुष्कळदा हाकणारा मालक नसतो. तो मालकाला रोजचा ठरलेला भरणा देतो आणि वर उरेल ते त्याचं. दुपारी दोनपर्यंत भरणाच निघालेला नसेल तर तो "आता घोड्याला विसावा" म्हणणार नाही, तुम्ही-मी त्याच्या जागी असतो तर आपणही म्हटलं नसतं. दिवाळी, नाताळ आणि मे यांत कमावायचं, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यावर काढायचे. पाचगणीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पन्न शून्य, गवत ओलं, पागा गळकी, आणि पहिली काटछाट होते ती तोबऱ्यात. शिवाय पावसाळ्यात गोमाश्या वाढतात आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्ताचा आजार पसरतो. घोडा झुरत जातो आणि लोक म्हणतात नजर लागली. तेव्हा मला विचाराल तर पहिला नवा नियम हवा तो चाऱ्याचा: प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम नगरपालिकेने बाजूला काढायची आणि पावसाळ्यात ती चारा, नाल आणि धनुर्वाताच्या लशीच्या रूपाने घोड्याच्या नावावर परत द्यायची, मालकाच्या हातात रोख नाही. असं कुठे चालू असल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता तुम्ही स्टँडवर उभे आहात असं समजू. सजवलेली झूल, कलगी, घुंगरं यांकडे बघू नका, त्यांच्याखालचं दाखवायला सांगा. छातीवरचा पट्टा आणि पोटाखालचा तंग दोन बोटं घालून उचलायला लावा. खाली ओली जखम, किंवा जुन्या जखमेवर उगवलेले पांढरे केस दिसतील. पांढरे केस म्हणजे कधीकाळी लागलं होतं आणि बरं झालं, त्यावरून नकार देऊ नका. ओली जखम असेल तर सरळ पुढे जा. तोंडाचे कोपरे फाटलेले आहेत का बघा. घोडा उभा असताना मागचा एखादा पाय सैल सोडून आराम करतो, ते ठीक आहे. पुढचा पाय पुढे टाकून उभा असेल तर तो पाय दुखतोय. मग त्याला दहा पावलं चालवायला सांगा. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना मान वर करतो. नऊ वर्षांच्या मुलीला हे एकदा दाखवलंत तर ती तुमच्या आधी ओळखेल.

गाडी दुचाकी असेल तर आणखी एक गोष्ट बघा, जी बसणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नसते. सगळे मागच्या बाजूला बसले की दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला आवळतो. सगळे पुढे सरकले की तेच वजन त्याच्या पाठीवर येतं. माणसं बसल्यावर दांड्या जमिनीला साधारण समांतर दिसल्या पाहिजेत. चांगला गाडीवाला तुम्हाला स्वतःहून "ताई, जरा पुढे सरका" म्हणतो. तसं म्हणणाऱ्याच्या गाडीत मी निर्धास्त बसेन. उतार असेल तर घोड्याच्या मागच्या भागाभोवतून गेलेला पट्टा हवा, तो नसेल तर ढकलत येणारी गाडी घोड्याला मागच्या पायांवर झेलावी लागते.

तर बसावं का? टेबललँड सपाट आहे, वर गाड्यांची गर्दी नाही, माती आहे. तपासून घेतलेला धडधाकट घोडा, माफक वजन, सकाळची किंवा चारनंतरची वेळ, चालीने नेलेली फेरी: यात मला छळ दिसत नाही. काम करणं हेच घोड्याला जाचक आहे असं मी मानत नाही. दिवसभर दोन हात जागेत बांधलेल्या बिनकामाच्या घोड्यापेक्षा रोज थोडं चालणारा घोडा मला बरा दिसतो. हेच मला भर बाजारातल्या गाडीबद्दल किंवा बाराच्या उन्हात चौथी फेरी मारणाऱ्या घोड्याबद्दल विचारलंत तर उत्तर नाही असं आहे. तुमच्या थोरलीचं म्हणणं सगळं चूक नाही, तिने फक्त घोडा पाहून ठरवायला शिकावं.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. आई-वडील आणि धाकटी गाडीत, सोबत तुमच्यापैकी एकजण. दुसऱ्याने थोरलीला घेऊन चालायचं, हवा छान असते. घोडा पळवायला सांगायचं नाही, आणि मुलींना रेसिंगची फेरी नको. आधीच्या फेरीवरून नुकताच आलेला घोडा दिला तर "आम्ही पंधरा मिनिटं थांबतो, त्याला पाणी पाजा" म्हणा. नकार मिळत नाही, मिळाला तर दुसरी गाडी असतेच. घोड्याला बिस्किटं, भुट्टा, उरलेला वडापाव काही देऊ नका. पोटशूळाचं वर सांगितलंच आहे.

आणि खरोखर वाईट अवस्थेतला घोडा दिसला तर स्टँडवर भांडू नका, त्याचा राग संध्याकाळी घोड्यावर निघतो. घोड्याचा पूर्ण फोटो, जखमेचा जवळून फोटो, गाडीवरचा क्रमांक, तारीख आणि वेळ एवढं घ्या. नगरपालिकेत, पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी द्या, पोच घ्या. शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस असं जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकतो. तक्रारीत "घोड्याचे हाल होतात" असं लिहू नका, ते फायलीत पडून राहतं. "उजव्या खांद्यावर पट्ट्याखाली तळहाताएवढी ओली जखम, तरी गाडीला जुंपलेला, प्रवासी सहा" असं लिहा. त्यावर मग आमच्यापैकी कोणाला तरी बोलावून पंचनामा करावाच लागतो.